पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

समजा, तुम्ही अकरा वर्षांच्या आहात. उजव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आहे, तिच्यात नारळ आणि मोगऱ्याचा हार. हे देवाचं सामान, म्हणून ते जमिनीवर टेकवायचं नाही, डाव्या हातात घ्यायचं नाही आणि हाराचा वास तर अजिबात घ्यायचा नाही. डाव्या हातात सहा वर्षांच्या भावाचा हात आहे. भावाच्या दुसऱ्या हातात चार वर्षांच्या बहिणीचा. समोर मैदानभर माणसं, मैदानापलीकडे तुमची इमारत आणि वर घरात तुमच्यावाचून खोळंबलेली आरती. एवढ्यात पिशवीचा एक बंद तुटतो. काय कराल?

मी हा प्रश्न सिंगापुरात, आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात दोघातिघांना घातला. एक म्हणाला, नारळ काखेत मारू. दुसरीने पिशवीला गाठ मारायची ठरवली. ती कुठल्या हाताने मारणार, असं विचारल्यावर ती कॉफी आणायला गेली. ही सगळी उत्तरं थंडगार खोलीत, खुर्चीवर बसून दिलेली. कादंबरीला उत्तर द्यायला पिशवी फाटून नारळ बाहेर पडेपर्यंतचा वेळ होता.

कादंबरी म्हणजे मी हौगांगला ज्यांच्या घरी एका खोलीत भाड्याने राहतो, त्या अभयकाका आणि सुलेखाकाकूंची थोरली मुलगी. काका एका बँकेत हिशेबाच्या खात्यात आहेत. ती दहा वर्षांची असताना हे कुटुंब मुंबईहून इथे आलं आणि इथलंच झालं. कादंबरी आता एकोणीस वर्षांची आहे. लहान मुलांना शिकवण्याचा कोर्स करते आणि त्यासाठी आठवड्यातून काही दिवस बालवाडीत जाते. मुलांना बागेत नेताना एका लांब दोरीला कड्या लावलेल्या असतात आणि प्रत्येक मुलाने आपली कडी धरायची असते. बाकीच्या मुली दोरीच्या पुढे चालतात. कादंबरी सगळ्यांच्या मागे.

तिची आणखी एक गोष्ट मला आल्या आल्या दिसली होती. तिच्या हातात कधी काही नसतं. छत्री, पुस्तकं, भाजी, पाण्याची बाटली, सगळं पाठीवर. एकदा काकूंनी तिला खालून कढीपत्ता आणायला सांगितला, तर त्या चार काड्यासुद्धा तिने पाठीवरच्या पिशवीत घालून आणल्या. "काय गं, कढीपत्त्याला पासपोर्ट लागतो का?" असं काकू म्हणाल्या आणि ती नुसती हसली. मला वाटलं, सवय असेल एखादीची.

यंदा, म्हणजे दोन हजार नऊमध्ये, गणपती आणि इथला सातवा महिना एकत्र आले. चिनी पंचांगाचा सातवा महिना हा पितरांचा. त्यांचे पितर महिनाभर पृथ्वीवर हिंडतात. त्यांच्यासाठी रस्त्याकडेला उदबत्त्या लावतात, कागद जाळतात, फळं मांडतात. काकू त्याला सरळ "यांचा पितृपक्ष" म्हणतात. फरक एवढाच की आपण पितरांना जेवायला घालतो आणि हे लोक जेवणावर गाणंही ऐकवतात. इमारतींच्या मधल्या मैदानात मोठा मंडप पडतो, स्टेज उभं राहतं, चमचमत्या कपड्यांतल्या गायिका येतात. याला गेताई म्हणतात.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसजवळच्या बुओना व्हिस्टाहून गाडी बदलत हौगांगला उतरलो. स्टेशनवर कादंबरी भेटली. घराजवळच्या मैदानात गेताई सुरू व्हायची होती. मागे लोक दाटीवाटीने उभे, मधल्या खुर्च्या म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या आणि सगळ्यात पुढची रांग पूर्ण रिकामी. लाल खुर्च्या, वर दिव्यांचा झोत. दिवसभर माझ्या प्रोग्रॅमने माझा छळ केला होता. मी म्हटलं, "चल, पाच मिनिटं टेकू." आणि निघालो पुढे.

तिने मागून माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला थांबवलं.

"विक्रांतदादा, तिथे नाही."

"का? राखीव आहेत?"

"हो."

"कोणासाठी?"

"जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी."

मी पट्टा सोडवून घेतला. पाय आपोआप मागे आले होते.

"आमच्या घरातले दोघं एकदा बसलेत तिथे," ती आपल्या धाकट्या भावंडांबद्दल म्हणाली. "सारंग आणि अवनी. पूर्ण एक गाणं ऐकलंय त्यांनी."

घरी जाईपर्यंत आणि मग जेवताना मिळून जी गोष्ट निघाली, ती अशी.

दोन हजार एक साल. त्याही वर्षी हे दोन्ही असेच एकत्र आले होते. काकूंचा सिंगापुरातला पहिला घरचा गणपती. दुपारी प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळच्या आरतीला जुरोंग ईस्टहून मधुवंतीमावशी आणि प्रबोधकाका येणार होते, म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, गाडी आणि मग बस करत. काकूंनी नैवेद्याचा नारळ फोडला आणि तो नासका निघाला. त्यातच सारंगने हाराला हात लावून पाहिला आणि हार तुटला. अभयकाका अजून ऑफिसात.

"मी कपाळाला हात लावला," काकू मला सांगत होत्या. "मोदक वाफेवर, पाहुणे वाटेत, हा मखराच्या मागे शिरलेला आणि ही त्याच्या मागे. म्हटलं, कादंबरी, या दोघांना घेऊन जा, नाहीतर आज बाप्पा दीड दिवसही टिकायचा नाही घरात."

मैदानापलीकडच्या इमारतीखाली एका तमिळ गृहस्थांचं दुकान होतं. चतुर्थी त्यांचीही होती, त्यामुळे नारळ आणि हार दोन्ही मिळणार होते. काकूंनी दारात उभं राहून सूचना दिल्या. देवाचं खाली ठेवायचं नाही. डाव्या हातात घ्यायचं नाही. वास घ्यायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, चप्पल घालता घालता, "पोरांचे हात सोडू नकोस."

"शेवटचं आधी सांगायला हवं होतं मी," काकू म्हणाल्या.

"आई, तू ते आधी सांगितलं असतंस तरी मी तेच केलं असतं," कादंबरी म्हणाली.

जाताना काही झालं नाही. स्टेज रिकामं होतं, कोणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. दुकानदाराने नारळ कानाशी हलवून दिला, हार केळीच्या पानात बांधून दिला. येईपर्यंत मात्र मैदान भरलं होतं. दिवे लागले होते. कादंबरीने भावाचा हात घट्ट धरला आणि गर्दीच्या कडेकडेने निघाली. आणि मधोमध आल्यावर पिशवीचा बंद तुटला.

नारळ गडगडणार तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी पिशवी छातीशी कवटाळली. पायाखाली गवतात जळक्या कागदाची राख, उदबत्त्यांच्या काड्या, कोणाच्या तरी पितरांसाठी ठेवलेली संत्री. तिथे बाप्पाचा नारळ टेकवायचा? ती शक्यताच तिच्या डोक्यात आली नाही. ती सारंगला म्हणाली, "माझा फ्रॉक धर. अवनीला सोडू नको." त्याने धरला. तिला मागे ओढ जाणवत होती. ती चालत राहिली, ओढ चालू होती. त्याच क्षणी स्टेजवरून पहिलं गाणं सुरू झालं, पोटात घुमणारा आवाज, आणि गर्दी एकदम पुढे सरकली.

मैदानाच्या कडेला आल्यावर तिने वळून पाहिलं. तिचा फ्रॉक एका बाईच्या हातगाडीच्या टोकाला अडकला होता. भाजी न्यायची असते ना, दोन चाकांची, तसली. ती बाई गाणं ऐकत होती. सारंग नव्हता. अवनी नव्हती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही. उभी राहिले."

हे अभयकाकांनी शिकवलेलं होतं. काका शिस्तीचे. मुंबई सोडायच्या आधीच त्यांनी तिघांना बसवून नियम पाठ करून घेतला होता: हरवलात तर हलायचं नाही, जिथे आहात तिथे उभं राहायचं, आम्ही शोधत येऊ. कादंबरीने तो नियम अक्षरशः पाळला. छातीशी नारळ धरून ती उभी राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं की हाच नियम सारंगनेही पाठ केला आहे. तोही कुठेतरी अवनीचा हात धरून असाच उभा असणार. म्हणजे दोन्ही बाजू उभ्या, आणि शोधत येणारं कोणीच नाही. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत बसतात आणि मशीन गप्प होतं. मी हे जेवताना उत्साहाने समजावून सांगितलं, तेव्हा अभयकाका आमटी वाढून घेत म्हणाले, "नियम बरोबर होता. नियमात मोठं कोण आणि लहान कोण हे लिहायचं राहिलं होतं."

"मी मोठी झाले ती तेव्हा," कादंबरी म्हणाली. "म्हणजे मला कळलं की शोधणारी मीच आहे. दुसरं कोणी येणार नाहीये."

ती परत गर्दीत घुसली. "सारंग! अवनी!" ओरडली. स्पीकरच्या आवाजात स्वतःचं ओरडणं तिला स्वतःला ऐकू येईना. समोर सगळ्या मोठ्यांच्या कमरा आणि पिशव्या. एका काकांच्या शर्टाला धरून तिने इंग्रजीत विचारलं. त्यांनी वाकून ऐकलं, मान हलवली, बायकोला चिनीत काहीतरी सांगितलं, मग तेही टाचा उंचावून इकडेतिकडे बघू लागले. मैदानाच्या एका बाजूला मोठा रस्ता होता. बसेस जात होत्या. कादंबरी म्हणते, तिला त्या गाण्यातही प्रत्येक बसचा ब्रेक ऐकू येत होता. तिच्या मनात एकच चित्र: आपण दार वाजवतोय, आई दार उघडतेय, मागे मावशी ताट घेऊन उभी आहे, आणि आपल्या हातात नारळ आहे.

"आरतीचं सगळं सामान व्यवस्थित," ती म्हणाली. "हाराचा वाससुद्धा घेतला नव्हता मी."

मैदानाच्या कडेला दगडी बाकं होती, म्हातारे पत्ते खेळतात ती. त्यावर चढलं तर डोक्यांवरून दिसलं असतं. बाक उंच. चढायला दोन्ही हात हवेत. बाकावर माणसं दाटून बसलेली, पिशवी ठेवायला जागा नाही. तिने पिशवीकडे पाहिलं. मग खाली वाकून ती गवतात ठेवली, राखेशेजारी, कोणाच्या तरी संत्र्यांच्या बाजूला. आणि वर चढली.

सगळ्यात आधी तिला दिसली ती रिकामी रांग. सगळं मैदान भरलेलं आणि पुढे ती एक लाल पट्टी, झगझगीत उजेडात. आणि त्या पट्टीच्या मधोमध दोन छोटी डोकी. खुर्च्यांच्या पाठींवरून जेमतेम दिसणारी. एक डोकं गाण्याबरोबर हलत होतं.

"ती अवनी," कादंबरी म्हणाली. "तिला ताल कळायचा नाही, तेव्हाही नाही."

"एक्स्क्यूज मी, आय हॅव रिदम, ओके," अवनी म्हणाली. ती आता बारा वर्षांची आहे.

कादंबरी बाकावरच रडली. म्हणजे रडायचं ठरवलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती हसतही होती. बाकावरच्या एका आजोबांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. त्या रांगेत कोणी बसायचं नसतं हे तिला वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. तरी ती धावत त्या रांगेत शिरली. हजार डोळे तिच्याकडे असतील. तिने दोघांना खुर्च्यांवरून खाली ओढलं आणि दोन हातांत दोन हात धरले. अवनीच्या दुसऱ्या हातात शेवंतीच्या गोड चहाचा कागदी डबा होता, नळी घातलेला.

"हे कोणी दिलं?"

"आह मा," अवनी म्हणाली. इथे आजीला म्हणतात.

"कुठली आह मा?"

सारंगने सगळं सांगितलं. फ्रॉक सुटल्यावर तो बाबांचा नियम आठवून तिथेच थांबला होता. लोक धक्के देत होते, अवनी रडायला लागली होती. एक आजी आली. तिने विचारलं, मम्मी कुठे? तो म्हणाला, ताई हरवली. आजीने दोघांना हाताला धरून सगळ्या लोकांसमोरून पुढे नेलं, पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि म्हणाली, सिट हिअर, डोंट मूव्ह, युअर सिस्टर कॅन सी यू. मग चहा दिला आणि गेली.

"कशी होती दिसायला?"

"केस पांढरे. फुलाफुलांचा ब्लाउज."

कादंबरीने मागे पाहिलं. मधल्या सगळ्या रांगांत पांढऱ्या केसांच्या, फुलाफुलांचे ब्लाउज घातलेल्या आज्या बसल्या होत्या. सगळ्या गाणं ऐकत होत्या. एकीनेही मान वळवली नाही.

पिशवी होती तिथेच होती. कादंबरीने ती उचलली नाही. म्हणजे उचलायला हातच मोकळा नव्हता. सारंगने उचलली, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, आणि कादंबरीने त्याच्या कॉलरला धरलं. असे ते घरी पोचले.

दार उघडल्या उघडल्या सारंग ओरडला, "आई, वी सॅट इन द व्हीआयपी सीट!"

मागे खरंच मधुवंतीमावशी ताट घेऊन उभ्या होत्या. काकूंनी कादंबरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. मग पिशवीच्या बुडाला लागलेल्या राखेकडे.

"खाली ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

कादंबरीने मान हलवली.

"का?"

"हे दोघं दिसत नव्हते."

मावशी काहीतरी बोलणार होत्या. त्या सोवळ्याओवळ्याच्या. काकूंनी त्यांना हाताने थांबवलं, पिशवी घेतली, नारळ नळाखाली धरला, हारावर पाणी शिंपडलं. "पोरं आली ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं. नारळ धुता येतो."

आरतीत कादंबरीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या दोन्ही हातांत दोघांचे हात होते. त्यामुळे त्यांनाही वाजवता आल्या नाहीत. अवनीने मधेच चहाची शेवटची सुर्रर केली. अभयकाका आरती संपता संपता आले. सगळी हकीकत ऐकून त्यांनी सारंगला विचारलं, "नियम पाळलास?" तो हो म्हणाला. मग त्यांनी कादंबरीला विचारलं नाही. मोदक दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो पुष्कळ वेळ तिथेच राहिला, असं ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी काकू डब्यात मोदक भरून खाली गेल्या. त्या आजीला शोधायला. कोणीच हो म्हणेना. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस लिम यांना सांगितलं, तर त्यांनी छातीवर हात ठेवला. "अय्यो! फ्रंट रो?" मग विचार करून म्हणाल्या की उजेड तिथेच असतो, रिकामी जागा तिथेच असते, हरवलेलं मूल सगळ्यांना दिसायला हवं तर दुसरी कुठली जागा आहे. "बट मी, आय डोन्ट डेअर," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही मुलांच्या मनगटांना लाल दोरा बांधला आणि मोदक स्वतः खाल्ले.

सारंग आता चौदा वर्षांचा आहे. त्याला त्या आजीचा चेहरा आठवत नाही. अवनीला फक्त चहा आठवतो. "व्हेरी नाइस चहा, लाह," ती इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणते. काकूंचं म्हणणं, बाप्पाच आला होता, त्या दिवशी त्याचा मुक्काम आपल्याकडेच होता ना. सारंग म्हणतो, बाप्पा फुलाफुलांचा ब्लाउज कशाला घालेल. यावर घरात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मोदक संपले की तो मिटतो.

कादंबरीला बाप्पा वगैरे वाटत नाही. ती दरवर्षी सातव्या महिन्यात एक संध्याकाळ त्या मैदानात जाते. मागे उभी राहून एखादं गाणं ऐकते आणि मधल्या रांगांतल्या आज्या बघते. आता त्यांच्यातल्या कित्येक कमी झाल्या असतील. परवा, दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर, मीही तिच्याबरोबर गेलो. तिच्या पाठीवर पिशवी होती, हात मोकळे होते. पुढची रांग रिकामी होती. एक लहान मुलगा खेळत तिकडे धावला तर त्याच्या आजीने झटकन त्याला मागे ओढलं आणि त्या खुर्च्यांकडे बघून हात जोडले.

ते बघून कादंबरी म्हणाली, "आभार मानायचे आहेत, ते आहेच. पण मला तिला एक विचारायचंय."

"काय?"

"मी तो नारळ खाली ठेवला ना, तेव्हा मला वाटलं होतं, आता काहीतरी होणार. आणि ती तर म्हातारी, आयुष्यभर ती रांग सोडून बसलेली. दुसऱ्याची पोरं तिथे बसवताना तिला भीती नसेल का वाटली?"